कणकुंबीचा पाऊस आणि प्रवाळातले मासे

नववीच्या वर्गात परिसंस्था शिकवत होतो. फळ्यावर नेहमीची अन्नसाखळी काढली होती: गवत, नाकतोडा, बेडूक, साप. शेजारी लॅपटॉपवर लक्षद्वीपच्या समुद्राचं एक छायाचित्र लावलं होतं. तळ दिसेल इतकं नितळ पाणी, खाली प्रवाळ आणि त्यावर माशांची झुंबड. जांबोटीकडून बसनं येणारी एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, आमच्या तळ्याचं पाणी हिरवं झालं की त्यात मासे होतात. नितळ पाण्यात काय नसतं म्हणून आजोबा सांगतात. मग ह्या पाण्यात एवढे मासे खातात काय ओ?"

पुस्तकातलं उत्तर मला ठाऊक होतं, पण तेवढ्यानं तिच्या आजोबांचं समाधान झालं नसतं. खरं सांगायचं तर माझंही झालं नव्हतं. घरी येऊन वाचत बसलो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या प्रश्नावर फार सुंदर संशोधन झालं आहे, आणि ते मराठीत सोपं करून सांगितलेलं मला फारसं आढळलं नाही. म्हणून हा लेख.

प्रवाळ सध्या बातम्यांतही आहे. २०२३ पासून जगभरात प्रवाळ पांढरं पडण्याची चौथी मोठी लाट आली. २०२५ पर्यंत जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळखडकांना, प्रवाळ पांढरं पडावं इतकी उष्णता सोसावी लागली. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपलाही ती झळ बसली. अशी बातमी वाचली की वाटतं, खडकाभोवती कुंपण घाला, बोटींना बंदी करा, म्हणजे झालं. पण खडकावरच्या माशांचं जेवण खडकावर शिजतच नाही. निदान त्यातलं बरंचसं नाही. ते बाहेरून येतं. हे एकदा लक्षात आलं की बातमीचा अर्थच बदलतो.

पोवळं म्हणजे दगड नव्हे

अंगठीतलं लाल पोवळं आपण पाहिलेलं असतं, पण ती जात वेगळी. उथळ, उबदार समुद्रात खडक बांधणारं प्रवाळ म्हणजे बारीक बारीक प्राण्यांची वसाहत. एकेक प्राणी बहुतेक वेळा ज्वारीच्या दाण्याएवढा किंवा थोडा मोठा. तो स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतो आणि तिथंच आयुष्य काढतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अशा घरांवर घरं चढतात आणि हजारो वर्षांत प्रवाळखडक उभा राहतो.

या प्राण्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला देतं. मालक त्याला आसरा देतो, शिवाय स्वतःच्या अंगातून जे टाकाऊ निघतं ते खत म्हणून देतो. पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त तापलं की हा भाडेकरू घर सोडतो. प्रवाळाचा रंग त्याचाच असतो, म्हणून ते पांढरं पडतं. त्या वेळी ते मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी वेळेवर गार झालं तर सावरतं, नाही तर मरतं.

समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेवर प्रवाळखडक आहेत, आणि समुद्रातल्या जीवजातींपैकी साधारण पाव जाती त्यांच्या आसऱ्यानं जगतात. भारतात लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचं आखात आणि कच्छचं आखात ही त्याची मोठी ठिकाणं. आपल्या बेळगावपासून घाट उतरलं की मालवणच्या समुद्रात थोडं प्रवाळ आहे. मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाभोवती आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून दूर, पाण्याखाली दडलेल्या आंग्रिया पठारावरही आहे.

विहिरीत बुडी मारली की

आता आजोबांचं म्हणणं घेऊ. हिरव्या पाण्यात मासे होतात, हे अगदी बरोबर आहे. पाण्याला हिरवा रंग येतो तो सूक्ष्म वनस्पतींमुळे. पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या अशा जीवांना प्लवक म्हणतात. उन्हावर अन्न बनवतं ते वनस्पती प्लवक, आणि त्याला खाऊन जगणारे किडे-झिंग्यांसारखे बारके जीव म्हणजे प्राणी प्लवक. समुद्रातली जवळजवळ सगळी मासळी शेवटी या प्लवकावरच उभी असते. एखाद्या समुद्रात असं नवं अन्न किती तयार होतं, त्याला त्याची उत्पादकता म्हणायचं. आपण शेताचा उतारा म्हणतो, तेच.

उष्ण कटिबंधातला समुद्र निळा आणि नितळ दिसतो, कारण त्याचा उतारा कमी असतो. ऊन भरपूर, पाणी भरपूर, मग उणीव कसली? खताची.

उन्हाळ्यात विहिरीत पोहलेल्या माणसाला हे चटकन समजेल. वरचं हातभर-दोन हात पाणी कोमट असतं. बुडी मारून खाली गेलं की एकदम गार लागतं, अंगावर शहारा येतो. कोमट पाणी हलकं, ते वर तरंगतं. गार पाणी जड, ते खाली बसतं. आणि ढवळल्याशिवाय दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. उष्ण समुद्रात हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. मेलेले जीव, माशांची विष्ठा, सगळं खाली जातं आणि कुजून त्याचं नत्र-स्फुरद गार थरात साठतं. ऊन मात्र वरच्या थरात. खत तळघरात, पेरणी गच्चीवर, अशी गत.

मग प्रवाळखडकावर इतकी गर्दी कशी? चार्ल्स डार्विननं १८३६ साली हिंदी महासागरातली कोकोस बेटं पाहिली आणि १८४२ साली प्रवाळबेटं कशी तयार होतात याचा सिद्धांत मांडला. निकस पाण्यात एवढं भरभराटीचं जग कसं, या कोड्याला पुढे त्याचंच नाव चिकटलं. बरीच वर्षं त्याचं उत्तर असं दिलं जायचं, की खडक काटकसरी आहे, काही वाया घालवत नाही. प्रवाळ आणि शैवाल आपसात खत फिरवत ठेवतात. स्पंज नावाचे तळाला चिकटून राहणारे साधे प्राणी पाण्यात विरघळलेलं अन्न शोषून घेतात, त्यांच्या झडलेल्या पेशी दुसरे जीव खातात. हे सगळं खरं आहे. स्पंजांचा हा वाटा २०१३ साली नीट मोजून दाखवला गेला.

पण काटकसरीनं घर टिकतं, वाढत नाही. खडकावरून मोठे मासे बाहेर जातात, माणूस पकडून नेतो, लाटा कितीतरी वाहून नेतात. जेवढं जातं तेवढं कुठून तरी आलंच पाहिजे.

कणकुंबीला पाऊस, नरगुंदला पीक

माघातल्या यात्रेला आमच्या घरचे सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जातात. लहानपणी मी गाडीच्या खिडकीतून बघायचो: काळी जमीन, उघडे माळ, कुठं कुठं बाभळी. मध्येच कालव्याच्या कडेला एकदम हिरवं शेत. तिथं कधी पाऊस पडला म्हणून विचारलं, की वडील हसून म्हणायचे, "ह्यो कणकुंबीचा पाऊस." मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. तिथं पावसाळ्यात दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही. ते पाणी वाहत वाहत सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थच्या धरणात साठतं, आणि तिथून कालव्यांनी नरगुंद-नवलगुंदच्या कोरड्या रानापर्यंत जातं. नरगुंदचा शेतकरी आकाशाकडे बघतो, पण त्याचं पीक दुसऱ्याच आकाशावर अवलंबून असतं.

प्रवाळखडक म्हणजे तो नरगुंदचा हिरवा तुकडा. आणि त्याची कणकुंबी म्हणजे बाहेरचा समुद्र, किनाऱ्यापासून, खडकापासून दूरचा, खोल. तिथलं दर हंड्याला मिळणारं अन्न थोडंसंच, पण समुद्र अफाट. ते पाणी रात्रंदिवस खडकाला घासून पुढे जात राहतं, आणि खडक त्यातून आपला घास काढून घेत राहतो. छायाचित्रात पाणी थांबलेलं दिसतं, म्हणून आपली फसगत होते. तळ्याचं पाणी तेच ते असतं. खडकावरचं पाणी मिनिटामिनिटाला नवं असतं.

सीमाभागातल्या माणसाला हे पटायला वेळ लागू नये. आपला भाजीपाला, दूध, सोयरीक, बाजार, काहीच नकाशावरच्या रेघेपाशी थांबत नाही.

एवढंच असतं तर गोष्ट इथं संपली असती. पण खडक केवळ येणाऱ्या पाण्याची वाट बघत बसत नाही. १९५६ साली डोटी आणि ओगुरी या दोन संशोधकांनी हवाई बेटांजवळ पाहिलं की बेटाजवळच्या पाण्यात प्लवकाचं उत्पादन बाहेरच्यापेक्षा जास्त आहे. ही हवाईचीच खुबी आहे की सगळीकडे असं होतं, हे कळायला साठ वर्षं लागली. २०१६ साली प्रशांत महासागरातली ३५ बेटं आणि कंकणद्वीपं (प्रवाळाची कड्यासारखी गोल बेटं) उपग्रहांच्या मदतीनं तपासली गेली. वनस्पती प्लवकातल्या हिरव्या रंगद्रव्यामुळे पाण्याचा रंग किंचित बदलतो, तो उपग्रहाला वरून टिपता येतो. ३५ पैकी ९१ टक्के बेटांभोवती हिरवाई बाहेरच्या समुद्रापेक्षा जास्त निघाली. काही ठिकाणी ८६ टक्क्यांपर्यंत जास्त.

कारण असं, की भरसमुद्रातलं बेट म्हणजे पाण्यात उभा असलेला डोंगर. प्रवाह त्याला आपटतो, फिरतो, भोवरे होतात आणि खालचं गार, खतवालं पाणी वर ढवळलं जातं. शिवाय वरच्या कोमट आणि खालच्या गार थरांच्या मधल्या सीमेवरही लाटा उठतात. त्या पृष्ठभागावर दिसत नाहीत, पण काही ठिकाणी कित्येक मीटर उंच असतात. त्या उतारावर येऊन फुटल्या की गार पाण्याचे हबके खडकावर येतात. अंदमान समुद्रात अशा लाटा फार मोठ्या असतात. विहिरीत कुणीतरी खालून बादली ढवळावी, तसं.

तोंडांची भिंत

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांनी खडकाच्या समुद्राकडच्या कडेला पाण्यात उतरून मोजमाप केलं. पाणी जिकडून येतं त्या बाजूला लहान लहान माशांचे थवेच्या थवे तोंडं प्रवाहाकडे करून उभे असतात. प्रत्येक जण आपल्या जागी, अंगठ्याएवढा, पुढे येणारा एकेक दाणा टिपत. पाणी या थव्यातून पार होईपर्यंत त्यातलं प्राणी प्लवक बरंचसं संपलेलं असतं. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधात याला तोंडांची भिंत असं नाव दिलं आहे. मला हे शब्द फार आवडतात. रताळ्याच्या वेलावर टोळधाड यावी तसं नव्हे. बांधावर बायका ओळीनं बसून शेंगा तोडतात, तसं शांतपणे चाललेलं काम.

हे बारके मासे मग मोठ्यांचं अन्न होतात. हेकरू (कुणी गोबरा म्हणतं), तांबोशी असे शिकारी मासे खडकाच्या कपारीत दबा धरून बसतात. ते स्वतः बाहेरच्या समुद्रात फिरकत नाहीत, पण त्यांच्या पोटात जातो तो बाहेरचाच घास, एक हात बदलून.

प्रवाळही हात आखडून बसत नाही. त्या बारक्या प्राण्याला तोंडाभोवती सोंडा असतात. त्या पसरून तो प्लवक पकडतो, बहुतेक जातींत रात्री. प्रशांत महासागराच्या मध्यभागी लाइन बेटांवर २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं, की जिथं पाण्यात प्लवक जास्त तिथं एकाच जातीचं प्रवाळ शिकार करून जास्त खातं, आणि जिथं कमी तिथं शैवालाच्या कमाईवर भागवतं. पांढरं पडलेल्या प्रवाळाला हे फार महत्त्वाचं. भाडेकरू निघून गेला तरी बाहेरून दोन घास मिळाले तर दिवस निघतात.

रानात चरणं, गोठ्यात शेण

खानापूरच्या रानाकडेच्या गावांत गुरं दिवसभर जंगलात चरतात आणि रात्री गोठ्यात येतात. गवत रानाचं, शेण शेताचं. कित्येक वर्षं आमच्याकडच्या भाताला हेच खत होतं. रानानं न बोलता शेत पोसलं.

खडकावर हुबेहूब हे घडतं. कॅरिबियन समुद्रात १९८३ साली नोंदवलं गेलं, की काही मासे रात्री बाहेरच्या गवताळ तळावर जाऊन पोट भरतात आणि दिवसा ठरावीक प्रवाळाच्या आसऱ्याला येऊन थांबतात. त्यांच्या मलमूत्रातून नत्र-स्फुरद मिळतं, आणि ज्या प्रवाळावर असे थवे वस्तीला असतात ते इतरांपेक्षा जोमानं वाढतं. प्लवक खाणारे मासेही रात्री कपारीत येऊन झोपतात आणि बाहेरचं खत आत आणून टाकतात.

यातला मला सर्वांत थक्क करणारा पुरावा पक्ष्यांचा आहे. हिंदी महासागरात मालदीवच्या दक्षिणेला चागोस बेटं आहेत. जहाजांबरोबर काही बेटांवर उंदीर गेले, काहींवर गेले नाहीत. उंदीर अंडी-पिल्लं खातात, त्यामुळे तिथले समुद्रपक्षी संपले. निक ग्रॅहॅम आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली दोन्ही प्रकारच्या बेटांची तुलना केली. हे पक्षी भरसमुद्रात दूर जाऊन मासे खातात आणि विष्ठा बेटावर टाकतात. पावसानं ती धुपून खडकावर जाते. उंदीर नसलेल्या बेटांवर पक्ष्यांकडून येणारं नत्र २५१ पट होतं, आणि शेजारच्या खडकावर माशांचं एकूण वजन जवळजवळ निम्म्यानं, ४८ टक्क्यांनी, जास्त होतं. जमिनीवरच्या उंदरामुळे समुद्रातला मासा कमी होतो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

हे सगळं कळलं कसं?

माशाचं पोट फाडून पाहिलं तर काल काय खाल्लं ते कळेल. पण त्या खाण्यानं आधी काय खाल्लं होतं? इथं एक सुरेख युक्ती कामी येते, आणि ती समजायला आपल्या जिल्ह्यासारखी जागा नाही.

हवेतल्या कार्बनचे दोन प्रकार असतात, एक साधा आणि एक किंचित जड. भात, गहू ही झाडं जड कार्बन घेताना हात राखून घेतात. ऊस, मका, ज्वारी तेवढा राखत नाहीत. त्यामुळे उसाच्या साखरेत जड कार्बनचं प्रमाण भातापेक्षा थोडं जास्त असतं. मधात उसाचा पाक मिसळला तर प्रयोगशाळेत तो याच फरकावरून पकडला जातो. चिकोडीकडची म्हैस उसाच्या वाड्यावर वाढली आणि खानापूरकडची भाताच्या पिंजरावर, तर दोघींच्या केसात हा फरक उतरतो. दुधाच्या रंगावरून काही कळत नाही, कार्बनवरून कळतं.

समुद्रातही खडकावरचं शैवाल, खडकाजवळचं प्लवक आणि बाहेरच्या समुद्राचं प्लवक यांची कार्बनची खूण वेगवेगळी असते. अडचण अशी, की एकानं दुसऱ्याला खाल्लं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, की खूण पुसट होत जाते. म्हणून शास्त्रज्ञ आता सगळं मांस न तपासता त्यातली ठरावीक अमिनो आम्लं तपासतात. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या विटा. त्यातल्या काही विटा प्राण्याला स्वतः भाजता येत नाहीत, अन्नातून आयत्याच घ्याव्या लागतात. त्यामुळे त्या जवळजवळ जशाच्या तशा पुढे जातात. साखरेचं पोतं कारखान्यातून अडत्याकडे, अडत्याकडून वाण्याकडे गेलं तरी पोत्यावरचा कारखान्याचा शिक्का तोच राहतो, तसं.

ही पद्धत वापरून मालदीवच्या एका कंकणद्वीपात चार जातींचे शिकारी मासे तपासले गेले. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. कंकणद्वीप म्हणजे मधे शांत खाजण आणि भोवती प्रवाळाचं कडं. अपेक्षा अशी, की बाहेरच्या कड्यावरचे मासे समुद्राचं खात असतील आणि आतल्या खाजणातले खडकाचं. निघालं उलटंच. चारही जाती, आत असोत वा बाहेर, फार मोठ्या प्रमाणात बाहेरच्या समुद्राच्याच अन्नावर जगत होत्या.

मालदीवच्या चार माशांवरून जगाचं कसं ठरवायचं?

ही शंका रास्त आहे. सगळेच मासे असे नाहीत. पोपटमासा खडक खरवडून शैवाल खातो, त्याचं ताट खडकावरच वाढलेलं असतं. कपारीत राहणारे बोटभर लांबीचे मासे आपल्या नजरेस पडत नाहीत. पण २०१९ च्या एका संशोधनानुसार खडकावर खाल्ल्या जाणाऱ्या माशांच्या वजनात जवळजवळ ६० टक्के वाटा त्यांचाच. आणि भरसमुद्रातलं बेट वेगळं, किनाऱ्याला लागून असलेला खडक वेगळा. मालवणला नद्यांचं गढूळ पाणी येतं. तिथलं गणित मालदीवचं नव्हे. कुठं बाहेरचा वाटा मोठा, कुठं घरचा. पण उपग्रह, पाण्याखालची मोजणी, पक्ष्यांची विष्ठा आणि कार्बनची खूण, अशा चार निरनिराळ्या वाटांनी गेलेली माणसं एकाच ठिकाणी पोचतात, तेव्हा त्या ठिकाणी काहीतरी आहे असं मी मानतो.

मग प्रवाळ मेलं तरी मासे राहतील की?

काही काळ, काही मासे राहतात. ग्रेट बॅरिअर रीफवरच्या एका खराब झालेल्या खडकावर २०१९ साली हेच दिसलं: प्रवाळ घटलं तरी माशांचं उत्पादन तग धरून होतं, आणि त्याला आधार बाहेरच्या समुद्राच्या अन्नाचा होता.

पण कालवा भरून वाहत असला तरी शेताचे बांध फुटलेले असतील तर पाणी ओढ्याला जातं. तोंडांची भिंत उभी राहते ती कपारीच्या भरवशावर. संकट आलं की क्षणात आत शिरायला जागा हवी, रात्री झोपायला जागा हवी. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा लाटांनी, खरवडणाऱ्या जीवांनी काही वर्षांत झिजून सपाट होतो. मग समोरून अन्न वाहत जातं आणि ते टिपणारं कुणी नसतं.

लक्षद्वीपमध्ये हे नातं दोन्ही बाजूंनी दिसतं. तिथले मच्छीमार जाळ्यानं नव्हे, गळाच्या काठीनं कुपा (ट्यूना) धरतात. त्यासाठी आमिष म्हणून लागणारे जिवंत बारके मासे खाजणातून, प्रवाळाच्या आसऱ्यातून पकडतात आणि भरसमुद्रात नेऊन टाकतात. खडक बिघडला की बाहेरच्या कुप्याचा धंदाही अडतो. म्हैसूरच्या निसर्ग संवर्धन प्रतिष्ठानचे रोहन आर्थर आणि त्यांचे सहकारी १९९८ च्या मोठ्या उष्णलाटेपासून हे खडक मोजत आले आहेत. १९९८, २०१० आणि २०१६ या तीन तडाख्यांनंतर तिथलं जिवंत प्रवाळ सुमारे निम्म्यावर आल्याचं त्यांच्या नोंदी सांगतात.

कणकुंबीलाच पाऊस कमी पडला तर

हा सगळ्यात काळजीचा भाग. नरगुंदच्या शेतकऱ्यानं रान कितीही चांगलं कसलं तरी कणकुंबीला पाऊस न झाल्यास कालवा कोरडाच. समुद्राचा वरचा थर तापत चालला आहे. विहिरीचं उदाहरण आठवा: वरचं पाणी जितकं कोमट तितकं ते हलकं, तितकं खालच्यात मिसळायला नाखूश. खत तळघरातच अडकतं.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवलं, की पश्चिम हिंदी महासागरात गेल्या सहा दशकांत वनस्पती प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटलं आहे, आणि कारण हेच. हा समुद्र आपलाच. लक्षद्वीप आणि मालदीव याला लागूनच आहेत.

म्हणजे एकच उष्णता प्रवाळाला दोनदा मारते. एकदा अंगातलं शैवाल हाकलून, आणि दुसऱ्यांदा, ज्या बाहेरच्या घासावर तगून राहायचं तो घासच कमी करून. प्रशांत महासागराचं पाणी काही वर्षांनी नेहमीपेक्षा जास्त तापतं, त्याला एल निन्यो म्हणतात. अशा वर्षी त्या महासागराच्या मध्यभागी हे दोन्ही एकाच वेळी घडतं: पाणी तापतं आणि खालचं गार पाणी वर येणं मंदावतं. एखाद्या खडकाला राखीव क्षेत्र जाहीर करणं हवंच, मी त्याच्या बाजूचा आहे. माशांची लूट थांबते, जाळी-नांगरानं होणारी मोडतोड थांबते. पण राखीव क्षेत्राच्या हद्दीबाहेरचा समुद्र गरीब होत गेला तर त्याला कुठलीही पाटी अडवत नाही.

प्रवाळ दूर राहिलं, पण आपल्या ताटातल्या बांगड्याचंही मूळ यातच आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्य वाऱ्यांमुळे केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्याला खालचं गार पाणी वर येतं, प्लवक फुलतं, आणि त्यावर तारली, बांगडा पोसतो. जून-जुलैची मासेमारी बंदी संपून ऑगस्टमध्ये बेळगावच्या कॅम्पातल्या बाजारात ताजा माल दिसू लागतो, त्यात आदल्या दोन महिन्यांच्या त्या गार पाण्याचा मोठा हात असतो. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उपग्रहावरून पाण्याची हिरवाई आणि तापमान पाहून मच्छीमारांना मासळी कुठं मिळेल याचा अंदाज देते. तिच्या नकाशातली हिरवी रेघ म्हणजे आजोबांनी तळ्यावर पाहिलेला तोच हिरवा रंग.

खतच हवं असेल तर युरिया वाहून गेलेला चांगलाच की?

हा प्रश्नही वर्गातच आला, मागच्या बाकावरून, आणि तो चांगला आहे. उत्तर: नाही. समुद्राच्या पोटातून येणारं खत हबक्यांनी येतं, बरोबर गार पाणी आणतं आणि पुढे निघून जातं. नदीतून येणारा युरिया आणि सांडपाणी किनाऱ्याजवळ रेंगाळतं. त्यावर पहिल्यांदा फोफावतं ते मोकळं शैवाल. ते प्रवाळावर चढतं, ऊन अडवतं. बरोबर येणारी माती बारक्या तोंडांवर बसते. गुरांचं शेण शेतात पडणं वेगळं आणि विहिरीत पडणं वेगळं.

आम्ही भिंतीवरच्या नकाशात हे पाणी कुठं जातं ते शोधलं. कणकुंबीचा थेंब मलप्रभेतून कृष्णेला मिळतो आणि बंगालच्या उपसागराला जातो. त्याच खानापूर तालुक्यात देगावच्या बाजूला उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला वळते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्राला मिळते. जांबोटीच्या त्या मुलीनं नकाशावर बोट ठेवून दोन्ही वाटा दोनदा गिरवल्या. जुलैत पणजीच्या पुढे मांडवीचं तांबडं पाणी समुद्रात आत शिरताना दिसतं. त्यातली थोडी माती म्हादईच्या उगमाकडच्या भीमगडच्या रानातून आलेली असते.